लोकशाहीचे पर्याय आणि कामगार

(दिल्ली येथे मराठी भाषिक कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



सकाळच्या सत्रात मानेसरहून आलेल्या एका तरुण मित्राने एक प्रश्न विचारला. तो आम्ही टिपून ठेवला आहे. तो म्हणाला, "माझे नाव लातूरकडच्या गावच्या मतदारयादीत आहे. राहतो इथे, चौघांबरोबर एका खोलीत. दर काही महिन्यांनी माझा ठेकेदार बदलतो, कारखाना तोच राहतो. आजवर मत देऊन माझ्या पगारात एका रुपयाचा फरक पडलेला नाही. मग एखादा खमक्या माणूस येऊन सगळ्यांना सरळ करणार असेल, तर त्यात वाईट काय?"

हशा पिकला, टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत पांढऱ्या केसांचे दोन-तीन जुने कार्यकर्ते होते, हे आम्ही व्यासपीठावरून पाहिले. तेव्हा नव्या श्रमसंहितांवर बोलण्यासाठी जे टिपण आणले होते ते बाजूला ठेवून आज याच प्रश्नावर बोलायचे ठरवले आहे. संहितांवर उद्या बोलणारे वक्ते आमच्यापेक्षा अधिक जाणकार आहेत.

हा प्रश्न नवा नाही. याच दिल्लीत, असाच एक अभ्यासवर्ग १९४३ च्या सप्टेंबर महिन्यात भरला होता. इंडियन फेडरेशन ऑफ लेबर या संघटनेने तो भरवला होता. वर्ग ८ सप्टेंबरला सुरू झाला आणि १७ तारखेला समारोपाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. ते त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते, म्हणजे आजच्या भाषेत केंद्रीय कामगार मंत्री. त्यांनी विषय घेतला तो कामगार आणि संसदीय लोकशाही. महागाई भत्त्यावर बोलतील म्हणून कोणी वही उघडून बसले असेल, तर त्याला ती मिटावी लागली असेल.

तो काळ डोळ्यांपुढे आणा. बंगालमध्ये दुष्काळात माणसे मरत होती. काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते. जुलैच्या अखेरीस मुसोलिनी सत्तेवरून गेला होता, आणि ज्या दिवशी दिल्लीत हा वर्ग सुरू झाला त्याच दिवशी, ८ सप्टेंबरला, इटलीची शरणागती जाहीर झाली. हिटलर मात्र अजून उभा होता. युरोपातल्या निम्म्याअधिक देशांनी संसद मोडीत काढलेली होती. 'संसद म्हणजे बडबडीचे दुकान, आता नवा मार्ग हवा' असे म्हणणारे शहाणे लोक लंडनपासून मुंबईपर्यंत होते. इटली-जर्मनीत गाड्या वेळेवर धावतात, बेकारी गेली, असे कौतुकाने सांगणारे आपल्या पुण्या-मुंबईतही होते.

फेडरेशनबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण नव्या मंडळींना हे नाव ठाऊक नसते. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या अनुयायांनी १९४१ मध्ये आयटकमधून बाहेर पडून ती काढली. भूमिका अशी की हे युद्ध फॅसिझमविरुद्धचे आहे, म्हणून कामगारांनी त्यात सहकार्य करावे. जमनादास मेहता अध्यक्ष होते, रॉय सरचिटणीस. व्ही. बी. कर्णिक यांच्यासारखे मराठी कार्यकर्ते तिचे आधारस्तंभ. युद्धप्रचारासाठी या संघटनेला सरकारकडून दरमहा तेरा हजार रुपये मिळत, आणि ही गोष्ट पुढे बाहेर आली तेव्हा तिची बरीच नाचक्की झाली. फॅसिझमची चिकित्सा त्या काळी रॉय यांच्याइतकी खोलवर फार थोड्यांनी केली, पण साम्राज्य सरकारच्या पैशावर चळवळ चालत नाही, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवाव्या लागतात.

तर त्या सभेत बाबासाहेब काय म्हणाले? आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. संसदीय लोकशाहीवर जग नाराज आहे, आणि ही नाराजी निव्वळ हुकूमशहांनी पसरवलेली नाही, तिला कारण आहे, इथून त्यांनी सुरुवात केली. पहिले कारण विचारातली चूक. उदारमतवादाने कराराच्या स्वातंत्र्याला देव मानले. मालक आणि मजूर समान आहेत, दोघांनी खुशीने सही केली, आता सरकारने मध्ये पडू नये, असा तो न्याय. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही आणि ज्याच्या कोठीत वर्षाचे धान्य आहे, त्या दोघांच्या सहीला एक मोल देणारी ही व्यवस्था दुर्बळाला लुटण्याची मोकळीक देत राहिली. सामाजिक आणि आर्थिक लोकशाहीचा पाया नसेल तर राजकीय लोकशाही टिकत नाही. इटली, जर्मनी, रशियात ती सहज कोसळली आणि इंग्लंड-अमेरिकेत तगली, याचे कारण त्यांनी या पायाच्या कमीअधिकपणात शोधले. दुसरे कारण रचनेतले. मते सगळ्यांची, पण राज्य पिढीजात राज्यकर्त्या वर्गाचे. लोक मत देतात आणि घरी जातात, मालक निवडून येतो.

इथवर टाळ्या पडण्यासारखे होते. मग त्यांनी मोहरा श्रोत्यांकडे वळवला. याला जबाबदार कोण? राज्यकर्ता वर्ग तर आहेच, पण कामगारही आहेत. राज्य ताब्यात घेण्याची आकांक्षा कामगारांनी कधी धरली नाही. राज्य कसे चालते हे समजून घेण्याचेही कष्ट घेतले नाहीत. कामगाराने निदान चार गोष्टी वाचायला हव्या होत्या असे ते म्हणाले. रूसोचा सामाजिक करार, मार्क्सचा कम्युनिस्ट जाहीरनामा, पोप तेरावा लिओ यांचे कामगारांच्या स्थितीवरील पत्र आणि मिलचा स्वातंत्र्यावरील ग्रंथ. ही यादी पाहा. एक लोकसत्तेचा तत्त्वज्ञ, एक क्रांतिकारक, एक धर्मगुरू, एक उदारमतवादी. एकाच पठडीचे वाचा असे त्यांनी सांगितले नाही. कामगार त्याऐवजी राजाराण्यांच्या गोष्टी वाचत बसतो, हेही त्यांनी सुनावले. आज असते तर मोबाइलवरच्या छोट्या छोट्या चित्रफितींबद्दल बोलले असते. (हसू नका, आमचा स्वतःचाही दिवसाकाठी तास जातो.)

आणि शेवटी, युनियन आवश्यक आहे, पण युनियन हा सर्व दुखण्यांवरचा उतारा नव्हे, असे त्यांनी युनियनच्याच माणसांना तोंडावर सांगितले. युनियनांनी एकमेकींशी जितके वैर केले तितके मालकाशी केले नाही, अशी त्यांची तक्रार होती. कामगारांचा स्वतंत्र पक्ष हवा, मागे सरकारची ताकद हवी, तरच युनियनच्या शब्दाला वजन येईल. सात वर्षांपूर्वी, १९३६ मध्ये, त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढून तो प्रयोग मुंबईत केलाच होता. १९३८ साली औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप झाला. त्यात ते कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उतरले होते, आणि कायदेमंडळात त्यांनी मांडले होते की संप हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे.

आता आमच्या तरुण मित्राने लक्ष द्यावे. संसदीय लोकशाहीविरुद्ध त्याची जी तक्रार आहे, ती बाबासाहेबांनी ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी त्याच्यापेक्षा जास्त कडक शब्दांत मांडली होती. तरीही त्यांनी खमक्या माणसाला आवतण दिले नाही. का दिले नाही, याचे उत्तर त्या काळच्या पर्यायांत कामगाराचे काय झाले ते पाहिले की मिळते.

इटलीत मुसोलिनीने संसदेऐवजी 'कॉर्पोरेशनां'ची कल्पना मांडली. मालक आणि कामगार एकाच मंडळात बसतील, राष्ट्र सर्वांच्या वर, वर्गसंघर्ष संपला. ऐकायला गोड आहे. १९२६ च्या एप्रिलमधील कायद्याने संप हा गुन्हा ठरला आणि मान्यता फक्त फॅसिस्ट संघटनेला उरली. १९२७ मध्ये 'श्रमाची सनद' जाहीर झाली. सनद वाचली तर वाटेल कामगारांचे राज्य आले, पण फेडरेशनचा पदाधिकारी वरून नेमला जात होता. जर्मनीची गोष्ट याहून बोलकी आहे. १९३३ साली हिटलरने १ मे हा दिवस पगारी सुट्टीचा राष्ट्रीय सण केला. जर्मन कामगार चळवळ दशकानुदशके जे मागत होती ते त्याने एका फटक्यात दिले. युनियनांच्या पुढाऱ्यांनी आपल्या सभासदांना त्या सोहळ्यात सामील होण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी, २ मे रोजी, देशभर युनियनच्या कचेऱ्यांवर धाडी पडल्या, पुढारी पकडले गेले, निधी जप्त झाला. सण १ तारखेला आणि धाड २ तारखेला.

आमच्यातील डाव्या मित्रांना वाटेल की हे भांडवलशाहीचे रोग आहेत. तर रशियाकडेही पाहिले पाहिजे. क्रांतीने कामगाराला जे दिले, शाळा, दवाखाना, घर, स्त्रियांना समान हक्क, ते आम्ही नाकारत नाही. आमच्या पिढीने त्यावर जीव टाकला. पण २६ जून १९४० च्या हुकमाने परवानगीशिवाय नोकरी सोडणे हा फौजदारी गुन्हा झाला, आणि वीस मिनिटांहून जास्त उशीर म्हणजे गैरहजेरी धरून शिक्षा होऊ लागली. युद्धाची छाया होती हे मान्य, पण तो कायदा १९५६ पर्यंत पुस्तकात राहिला. कामगारांच्या नावाने चाललेल्या राज्यात कामगाराची बाजू घेऊन राज्याशी भांडणारे कोणी उरले नव्हते. म्हणूनच १९८० साली पोलंडमध्ये ग्दान्स्कच्या गोदी कामगारांनी एकवीस मागण्यांची यादी लिहिली, तेव्हा पहिली मागणी पगाराची नव्हती. पक्ष आणि मालक यांच्यापासून स्वतंत्र अशा युनियनची होती. चीनने १९८२ ची राज्यघटना केली तेव्हा आधीच्या घटनेतला संपाचा हक्क काढून टाकला.

तिसरा पर्याय आपल्या घरचा. रॉय कम्युनिस्ट आंतरराष्ट्रीयच्या वरच्या वर्तुळात वावरले होते. पक्षाची हुकूमशाही आतून कशी वाढते हे त्यांनी पाहिलेले होते. १९४४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेचा मसुदा प्रसिद्ध केला, त्याचा पाया गावोगावच्या लोकसमित्या हा होता. पुढे ते पक्षपद्धतीवरच फुली मारण्यापर्यंत आले. पक्ष म्हटला की सत्ता, सत्ता म्हटली की लोकांच्या नावाने लोकांवर राज्य. १९४८ च्या डिसेंबरात त्यांनी आपला रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष स्वतःच विसर्जित केला. एखाद्या पुढाऱ्याने स्वतःच्या पक्षाला असे विसर्जित केल्याची उदाहरणे विरळा. त्याच महिन्यात त्यांच्या अनुयायांची ती फेडरेशन हिंद मजदूर पंचायतीबरोबर एकत्र येऊन हिंद मजदूर सभा जन्मली. म्हणजे पक्ष विरला आणि युनियन उरली. जयप्रकाशजी रेल्वे कामगारांच्या फेडरेशनचे अध्यक्ष राहिलेले, पण १९५९ पर्यंत तेही पक्षविरहित लोकशाहीच्या विचाराला आले. विनोबांची लोकनीतीही याच दिशेची.

या विचाराबद्दल आम्हांला मनापासून आदर आहे. तरी एक शंका कधी गेली नाही. गावसमितीत जमीनदार आणि शेतमजूर एकत्र बसले, एकमताने ठराव झाला, तर ते एकमत कोणाचे? दलित वस्तीतला माणूस त्या बैठकीत तोंड उघडू शकतो का? बाबासाहेबांना खेड्याच्या स्वयंपूर्ण लोकशाहीचे कौतुक कधी वाटले नाही, ते उगाच नव्हे. कामगाराला उघडपणे विरोधी बाजू घेण्याची सोय लागते. युनियन ही एका अर्थाने बाजू घेणारी, म्हणजे पक्षच. सगळेच पक्ष वाईट म्हटले की उद्या युनियनही त्याच तराजूत पडते.

इथवर आम्ही पुस्तकातले सांगितले. आता स्वतःचे सांगितले पाहिजे. सकाळी टाळ्या वाजवणाऱ्या जुन्या मित्रांना आम्ही हसलो नाही, याचे कारण त्यात आहे.

१९७५ साली आम्ही फरिदाबादच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होतो, आणि वयाने बरेच लहान असूनही युनियनचे सहचिटणीस होतो. २५ जूनच्या संध्याकाळी जयप्रकाशजींच्या सभेला रामलीला मैदानावर गेलो होतो. रात्री उशिरा परत आलो आणि सकाळी कळले की आणीबाणी लागली, जयप्रकाशजींना धरले. पहिले पंधरा दिवस धास्तीत गेले. मग असे झाले की, खोटे कशाला बोला, बरे वाटू लागले. बस वेळेवर येऊ लागली. रेशनच्या दुकानात दर लिहिलेली पाटी दिसू लागली. १ जुलैला वीस कलमी कार्यक्रम जाहीर झाला, त्यात कारखान्याच्या कारभारात कामगारांचा सहभाग हे कलम होते. मालकांचे आणि काही मध्यवर्ती संघटनांचे प्रतिनिधी एकत्र बसतील असे वरचे मंडळही झाले. आमच्या कार्यकारिणीसमोर अभिनंदनाचा ठराव आला. आम्ही हात वर केला. अकरापैकी दहा हात वर होते. अकराव्या गृहस्थांनी हात वर केला नाही. ते फिटर होते, वयाने वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू. ते एवढेच म्हणाले, "ठराव करा, पण संपाचं काय ते त्यात लिहून घ्या." त्यांना उत्तर द्यायला कोणाजवळ काही नव्हते, म्हणून पुढचा विषय घेतला.

सप्टेंबरात बोनसचा वटहुकूम आला. १९७२ पासून मिळालेली किमान ८.३३ टक्क्यांची हमी गेली, आकडा परत चारवर आला. मोर्चा काढायचा म्हटले तर परवानगी नाही, संप म्हटले तर तुरुंग. दादांनी गेटवर हाताने लिहिलेला कागद चिकटवला. आठवड्याने ते कामावर आले नाहीत. मिसाखाली नव्हे, भारत संरक्षण नियमांखाली धरले असे नंतर समजले. आम्ही, म्हणजे उरलेले दहा जण, त्यांच्या घरी गेलो ते सव्वा महिन्याने. घरी जाऊन काय बोलावे हे ठरवण्यात तेवढे दिवस गेले, असे आम्ही एकमेकांना सांगत असू. वहिनींनी चहा दिला. काही विचारले नाही.

हे एका कारखान्याचे झाले. देशभर एक लाखाहून अधिक माणसे चौकशीविना आत होती. आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांचा व्यवस्थापनाशी बोनसचा रीतसर करार झालेला होता. १९७६ मध्ये संसदेने कायदा करूनच तो मोडला. संसद होती, बरे का. भरत होती, मते पडत होती. तिची मुदतही एकेक वर्षाने वाढवून घेण्यात आली. त्यावर मधु लिमये यांनी तुरुंगातून राजीनामा पाठवला, शरद यादवांनीही दिला. जनतेने पाच वर्षांसाठी निवडले, सहावे वर्ष आमचे नाही, एवढा साधा मुद्दा. कामगार चळवळीतून आलेले डांगे आणि त्यांचा पक्ष मात्र त्या काळात सरकारच्या बाजूला होता. नावे ठेवण्यासाठी हे सांगत नाही, आमचा हात कुठे होता ते मघाशी सांगितलेच आहे.

आणि गंमत पाहा. त्याच काळातल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ४३-अ हे कलम घातले: उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. इतके सुंदर कलम, आणि ते लिहिले गेले तेव्हा गेटवर कागद चिकटवणारा माणूस कोठडीत. ते कलम आजही पुस्तकात आहे. इटलीतली श्रमाची सनद आम्ही पुष्कळ वर्षांनी वाचली, तेव्हा आम्हांला हे कलम आठवले.

मग १९७७ चा मार्च आला. आमच्या तरुण मित्राचे म्हणणे की मताने काही होत नाही. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा संप वीस दिवस चालला होता. तो १९७५ च्या आणीबाणीआधी, लोकशाही चालू असताना, हजारो माणसे धरून मोडला गेला. क्वार्टरमधून बायकामुलांना बाहेर काढले गेले. लोकशाही सरकारला दात नसतात असे कोणी समजू नये. पण १९७७ मध्ये मतपेटीतून सरकार बदलले. आपले मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्या संपात काढून टाकलेले कामगार परत कामावर आले. (दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळीवर गादी आली तीही त्यांच्याच कारकीर्दीत, आज झोपून जाताना कोणाला आठवत नाही.) बोनसची ८.३३ ची हमी परत आली. विमा कर्मचाऱ्यांचा करार मोडणारा कायदा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. दादाही सुटले. आमच्याशी पूर्वीसारखेच बोलत, ते आम्हांला जास्त लागे.

या सगळ्यात एका माणसाचे नाव घेतले पाहिजे, कारण १९४३ आणि १९७५ यांना जोडणारा धागा त्यांच्या आयुष्यातून जातो. वि. म. तारकुंडे, सासवडचे. तरुणपणी रॉयवादी, युद्धकाळात लोकांच्या आर्थिक योजनेच्या लेखकांपैकी एक. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, आणि १९६९ नंतर दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात वकिली. जयप्रकाशजींबरोबर त्यांनी १९७४ मध्ये लोकशाहीवादी नागरिकांची संघटना उभी केली आणि १९७६ मध्ये नागरी स्वातंत्र्यांची. लोकसमित्यांवर श्रद्धा ठेवणारे तारकुंडे कसोटीच्या वेळी न्यायालय, कायदा, हेबिअस कॉर्पस यांच्यासाठी झगडले. उदारमतवादी लोकशाहीची जी साधने त्यांच्या गुरूने अपुरी ठरवली होती, तीच हातात घेऊन लढावे लागले. अपुरी असणे वेगळे आणि निरुपयोगी असणे वेगळे, हे त्यांच्याइतके थोड्यांना कळले असेल.

आता मानेसरकडे येऊ. २०११ साली तिथल्या मारुती सुझुकीच्या कारखान्यात स्वतःची युनियन हवी म्हणून जूनमध्ये १३ दिवस काम बंद राहिले. त्यात कायम आणि ठेक्यावरचे कामगार एकत्र होते, हे त्या लढ्याचे वैशिष्ट्य. ऑगस्टच्या अखेरीस कंपनीने 'चांगल्या वर्तणुकी'च्या हमीपत्रावर सही करील त्यालाच आत घेऊ असे सांगितले. पुढे जे घडत गेले त्यात २०१२ च्या जुलैमध्ये एका अधिकाऱ्याचा जीव गेला आणि शेकडो कामगारांच्या आयुष्याची वाताहत झाली. त्यातले कोर्टकज्जे हा आजचा विषय नाही. विषय ते हमीपत्र आहे. सही कर, नाहीतर बाहेर उभा राहा. बाबासाहेब ज्याला कराराचे स्वातंत्र्य म्हणाले होते, त्याचा याहून स्वच्छ नमुना आम्हांला दुसरा दाखवता येणार नाही. म्हणून, मित्रा, तुझी तक्रार खरी आहे. ठेकेदार बदलतो आणि कारखाना तोच राहतो, यात तुझे स्वातंत्र्य कागदावरचे आहे. पण खमक्या माणूस हा ठेकेदाराचा मोठा भाऊ असतो. त्याच्याकडे सहीसुद्धा मागावी लागत नाही.

तू म्हणशील, तारीख-तारीख सांगून काय उपयोग, उपाय सांगा. उपाय म्हणून आमच्याजवळ कोणतेही शास्त्र नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करावेत आणि तेही घटनेतच लिहून ठेवावे, म्हणजे बहुमत बदलले तरी ते पुसले जाऊ नये, अशी सूचना केली होती. ती स्वीकारली गेली नाही. संसदीय लोकशाही ठेवायची आणि कराराच्या स्वातंत्र्याचे दात काढायचे, असा तो मधला मार्ग होता. आज सरकारी उद्योग विकले जात असताना त्याबद्दल बोलणे भाबडेपणाचे वाटते, पण त्यावर पुरेशी चर्चा झाली असे आम्हांला वाटत नाही. आणखी एक. १९४२ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची पहिली त्रिपक्षीय परिषद भरली, तिचे अध्यक्षही तेच होते. परकीय सरकारच्या काळात, युद्ध चालू असताना, कामगार प्रतिनिधींना समोर बसवून विचारले गेले. त्याच परंपरेतल्या भारतीय श्रम परिषदेचे ४६ वे अधिवेशन २०१५ मध्ये झाले, त्यानंतर वर्षानुवर्षे ते बोलावलेच गेले नाही. चारही श्रमसंहिता मधल्या काळात झाल्या. लोकशाही एका रात्रीत बंद पडते असे नाही. बैठक बोलावली जात नाही, एवढेही पुरते.

बाबासाहेबांच्या बाबतीतही आंधळेपणा नको. ते मजूर खाते सांभाळत असतानाच, १९४३ मध्ये, कोळशाच्या टंचाईपायी स्त्रियांना खाणीत जमिनीखाली कामाला लावण्यावरची बंदी उठवली गेली. कायदेमंडळात त्यावर कडाडून टीका झाली, जगात इतरत्र निषेध झाला आणि १९४६ मध्ये बंदी परत आली. टीका करायला सभागृह होते, टीका करणारे सुरक्षित होते, म्हणून ती परत आली. सरकार आपले असले, मंत्री आपला असला, तरी त्याला प्रश्न विचारणारी जागा लागते, ती अशी.

जाता जाता एक अडचणीचे. दुपारच्या जेवणात याच मित्राने आम्हांला बाजूला घेऊन दुसरा प्रश्न विचारला, सर्वांसमोर विचारायला तो संकोचला असावा. त्याच्या कारखान्यात युनियन आहे, आपल्याच विचाराची आहे. तिच्या निवडणुकीत त्याला मत नाही, कारण घटनेत सभासद 'कायम कामगार' असे लिहिलेले आहे. जो माणूस कामाच्या जागी मत देऊ शकत नाही, गावी मत द्यायला रजा मिळत नाही, आणि युनियनमध्येही ज्याला मत नाही, त्याने लोकशाही पाहिली कुठे? करोलबागेतल्या आपल्या गलाई कामगारांना तर युनियनच नाही. इथे बसलेल्या कितीतरी शाखांत अध्यक्ष पंधरा-पंधरा वर्षे तेच आहेत, निवड हात वर करून होते, आणि हात वर करण्याचे काय होते ते आम्ही सांगितले.

आमच्या स्वतःच्या युनियनच्या घटनेत तीच अट आहे. काल रात्री ती काढून पाहिली नव्हती, आज दुपारी फोनवरून विचारून घेतली. दुरुस्तीला दोन तृतीयांश मते लागतात. कायम कामगारांपैकी बऱ्याच जणांचा विरोध होईल. ठेक्यावरची माणसे आली की आपली सदस्यसंख्या त्यांच्याखाली दबेल, अशी त्यांना भीती आहे आणि ती अगदीच निराधार नाही. तरी पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. मतदान गुप्त घ्यावे असे त्याबरोबर मागणार आहोत. मित्राला त्या सभेला यायला सांगितले आहे. मत नसले तरी मागे बसून ऐकता येईल, एवढी परवानगी अध्यक्षांनी दिली आहे.